१७ वर्षांनी मैत्रीण येतेय. स्वयंपाक काय करू?

पत्राचा सारांश

कोल्हापुरात राहणाऱ्या ४८ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. कॉलेजात असताना त्यांची एक जिवाभावाची मैत्रीण होती, करवीर तालुक्यातल्या खेड्यातून रोज एसटीने येणारी. दोघींनी एका बशीत मिसळ खाल्ली, रंकाळ्यावर तासन्‌तास गप्पा मारल्या, उसाच्या दिवसांत मैत्रिणीच्या चुलत्याच्या गुऱ्हाळावर जाऊन गरम गूळ खाल्ला. लग्नानंतर मैत्रीण इचलकरंजीला गेली. २००८ साली तिच्या नवऱ्याचे यंत्रमाग बंद पडायची वेळ आली, तेव्हा तिने फोन करून ५० हजार रुपये उसने मागितले. "घरात विचारून सांगते," असं या म्हणाल्या. घरातून नकार आला. तो कळवायचा धीर झाला नाही. पुढचे दोन-तीन फोन त्यांनी उचललेच नाहीत, आणि मग फोन यायचे थांबले. ते कुटुंब आता पिंपरी-चिंचवडला स्थिरावलं आहे आणि मैत्रीण या दिवाळीत माहेरी येणार आहे, असं कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समजलं. वाचक भगिनींचा बेत असा, की तिला सहकुटुंब घरी बोलावून मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा करून पोटभर जेवू घालावं, "म्हणजे काही न बोलताच सगळं मिटेल." अडचणी तीन: मैत्रिणीने वारकऱ्यांची माळ घातल्याचं, म्हणजे मांसाहार सोडल्याचं, कानावर आलंय. नवरा म्हणतो, जुनं उकरून काढू नकोस. आणि ती आलीच नाही तर?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना भूक लागली, हे आधीच कबूल करते. दुसऱ्यांदा वाचताना दुसरंच काही दिसलं. मटण कुणाकडून आणायचं, पांढऱ्याला काजू किती आणि खसखस किती, सुक्कं करायचं की लोणचं, यावर तुम्ही दीड पान लिहिलंय. न उचललेल्या फोनवर तीन ओळी.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. आपल्या गावाची ही जुनी खोड आहे. "चुकलं माझं" म्हणण्यापेक्षा अर्धा किलो मटण जास्त आणणं आपल्याला सोपं जातं. भावकीतले वाद असोत, तालमीतली खुन्नस असो, शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे मर्दा, ये जेवायला," आणि दुसरा येतो, रस्सा भुरकतो, कपाळावरचा घाम पुसतो, प्रकरण संपतं. निदान पुरुषांचं तरी संपतं. बायकांच्या बाबतीत या पद्धतीत एक मोठी गोम आहे. ती तुमच्या बेतात मला स्पष्ट दिसते.

तो रविवार डोळ्यांसमोर आणून बघा. तुम्ही सकाळी सहाला उठणार. आलं-लसूण वाटून मटण शिजायला घालणार, अळणी काढून ठेवणार, सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजणार, नारळ खोवून दूध काढणार. बाराला ती येईल. दारात मिठी, डोळ्यांत पाणी, "किती बारीक झालीस गं." आणि मग? पांढऱ्यात नारळाचं दूध घातल्यावर तो खदखदू द्यायचा नसतो, फुटतो. म्हणजे तुम्ही शेगडीसमोरून हलणार नाही. ती आत येऊन म्हणेल, "मी काय करू?" तुम्ही म्हणाल, "तू बस गं निवांत." ती बाहेर तुमच्या नवऱ्याशी पुण्याच्या ट्रॅफिकवर बोलेल. पहिल्या पंगतीला पुरुष आणि पोरं. भाकऱ्या गरम हव्यात म्हणून तुम्ही परत तव्यापाशी. अडीच-तीनला तुम्ही दोघी ताटावर बसाल तेव्हा तिचा भाऊ गाडी घेऊन दारात हजर असेल.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझी शाळेतली मैत्रीण बारा वर्षांनी माझ्याकडे जेवायला आली होती. मी सात पदार्थ केले. सगळे उत्तम झाले, अजून लोक आठवण काढतात. ती गेल्यावर भांडी आवरताना नवरा म्हणाला, "बिचारीची आई गेली ना गं या वर्षी." मला माहीतच नव्हतं. त्याला माहीत होतं, कारण तिच्यासमोर तो बसला होता.

म्हणून पहिली गोष्ट: तिला घरी जेवायला बोलावू नका. निदान पहिल्या भेटीला तरी नको.

आता माळेचं. तुम्ही लिहिलंय, "तिने माळ घातली असेल तर सगळा बेतच फिसकटला." बेत फिसकटला हे खरं, पण त्या बातमीकडे जरा वेगळं बघा. तुम्हाला ठाऊक आहे ती एकोणीस वर्षांची मुलगी, जी मिसळीच्या कटाची तिसरी वाटी मागायची. माळ घातलेल्या, पंढरीची वारी करत असेल-नसेल अशा बाईची आणि तुमची अजून ओळखच नाही. तिने माळ कधी घातली, कुणामुळे, कुठल्या दिवसांत? माग बंद पडले त्या काळात का? तुम्हाला माहीत नाही आणि ग्रुपवर हे कुणी सांगणार नाही. सतरा वर्षांपूर्वीचं जेवण जसंच्या तसं वाढलं की सतरा वर्षं पुसली जातील, असं तुम्ही मनात धरून चाललाय. तिच्या ती वर्षं अंगावरून गेली आहेत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आषाढीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. दिवाळी त्याच्या आत येते. कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चार महिने कांदा-लसूण आणि वांगं सोडणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. सगळे माळकरी पाळतात असं नाही, काही फक्त एकादशीपुरतं पाळतात. पण ती पाळत असेल तर मटण राहू दे, मिसळही बाद. तुमच्या हातची कांदा-लसूण चटणी तर पहिल्याच घासाला बाद. तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिलाच विचारा: "आता काय काय खातेस?" एवढ्या साध्या प्रश्नात, मधली वर्षं मला ठाऊक नाहीत आणि ती ऐकायची आहेत, हे तिला आपोआप कळतं.

आता त्या तीन ओळींकडे येते. "मी तिला मदत केली नाही, याची टोचणी आहे," असं तुम्ही लिहिता. मला इथे थोडं अडवू द्या. २००८ साली ५० हजार ही लहान रक्कम नव्हती आणि तुमच्या हातात घरचा पैसा नव्हता. मैत्रीत पैसे मागितले जातात, कधी दिले जातात, कधी नाही. "नाही गं, जमत नाही" हे वाक्य तिने पचवलं असतं. त्या दिवसांत तिला ते बऱ्याच ठिकाणी ऐकावं लागलं असणार. टोचणी खरी आहे ती वाजत राहिलेल्या फोनची. पैसे मागणाऱ्या माणसाचं तोंड आधीच लहान झालेलं असतं. समोरून उत्तरच येत नाही तेव्हा ते आणखी लहान होतं. तुम्ही कदाचित समजत असाल की ती सतरा वर्षं रागात आहे. मला वाटतं, तिलाही लाज वाटत असण्याची शक्यता तितकीच आहे: "मी मागायलाच नको होतं, त्या पैशापायी मैत्रीण गेली." दोघी आपापल्या घरी लाजेने गप्प, असं फार वेळा घडतं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे दर महिन्या-दोन महिन्यांनी असतंच, नावं आणि रकमा फक्त बदलतात.

नवरोबा "उकरून काढू नकोस" म्हणतात, त्यांचंही समजून घ्या. नकार त्यांचा होता. तो विषय निघाला की आपण खलनायक ठरू, अशी धास्ती त्यांना असेल. त्यांना तसं ठरवू नका. तिच्यासमोर "घरातून नाही म्हणाले" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते खरं असलं तरी तुमच्या कामाचं नाही, कारण फोन न उचलणारा हात तुमचा होता. आणि या भेटीला त्यांनी यायचं काही कारण नाही. तिच्या नवऱ्यानेही नाही.

ती येईल का? ठाऊक नाही. पण तुमच्यासारखं अडून बसणारे लोक किती असतात, हे बघितलंत तर थोडा धीर येईल. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जुन्या मित्रांशी पुन्हा बोलण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. मित्राशी बोलायची इच्छा आहे, त्याला आवडेल असं वाटतंय, नंबर हाताशी आहे, निरोप लिहायला वेळही दिलाय, इतकं सगळं असून निरोप पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. त्याआधी २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की आपण आठवण काढल्याचं समोरच्याला किती बरं वाटेल, याचा आपला अंदाज सहसा कमी पडतो. निरोप अनपेक्षित असेल तर जास्तच कमी पडतो. अर्थात तुमच्या गोष्टीत मध्ये ५० हजार आहेत आणि तसे ते कुठल्या अभ्यासात नसतात. तरीही निरोप पाठवायला एवढा आधार पुरे.

निरोप ग्रुपवर नको, तिच्या नंबरवर. नंबर जिच्याकडे असेल तिच्याकडून गुपचूप घ्या. सणाच्या शुभेच्छांचं चित्र नको, चार मिनिटांचा आवाजी निरोपही नको. ती भावाच्या घरी गजबजाटात असेल, ऐकणार कुठे? असं काहीसं लिहा:

"दिवाळीला येतेस असं कळलं. तुला भेटायचंय, फक्त आपण दोघी. २००८ ला मी तुझे फोन उचलले नाहीत, ते विसरले नाही. भेटल्यावर बोलेन. तुला नको वाटलं तरी मी समजून घेईन. आणि सांग, आता काय काय खातेस?"

मधली ती ओळ गाळायचा मोह होईल. गाळू नका. ती नसेल तर तिला वाटेल, हिच्या लेखी काही घडलंच नाही. पण निरोपातच सगळी माफी मागू नका. नाहीतर भेटल्यावर बोलायला मटणच उरेल.

मग भेटायचं कुठे? तिला कांदा-लसूण चालत असेल तर मिसळ आहेच, आणि तुमच्या दोघींच्या बाबतीत तिला तोड नाही. मात्र दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी आपल्या मिसळीवर तुटून पडलेली असतात. तुम्ही दुसरी स्लाइस मोडेपर्यंत कुणीतरी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं राहतं. त्या माणसाच्या देखत २००८ साल काढता येत नाही. आपल्या वेळी जुन्या हॉटेलांत पडदा लावलेली फॅमिली रूम असायची, तिला तेव्हा आपण नावं ठेवली, आज तिची किंमत कळते. तेव्हा मिसळीला सकाळी आठच्या आत जा, खा, आणि बोलणं रंकाळ्यावर करा. चालताना बोलणं सोपं जातं, समोरासमोर बघावं लागत नाही. रात्रीची भेट असेल तर गंगावेशीचा दूधकट्टा. तुमच्यासमोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात, चातुर्मासालाही चालतो. पण तिथे उभ्या-उभ्या पाच मिनिटांत काम संपतं, म्हणून तो शेवटाला ठेवा.

मला स्वतःला विचाराल तर मी तिसऱ्याच ठिकाणी जाईन. ते तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात: चुलत्याचं गुऱ्हाळ.

दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात, म्हणजे त्या सुमाराला गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली असतात. पूर्वीइतकी गुऱ्हाळं आता राहिली नाहीत, चुलत्याचंही कदाचित बंद पडलं असेल. पण करवीर-पन्हाळ्याकडे चौकशी केली तर एखादं मिळतंच. आता तिथलं काम कसं चालतं ते आठवा. रस काहिलीत पडला की गूळ उतरायला दोन-तीन तास लागतात. खाली चिपाडं जळत असतात, वर मळी निघत असते, गुळव्या झाऱ्याने ढवळत रसाकडे टक लावून उभा. त्याला घाई करता येत नाही आणि तुम्हालाही तिथे करण्यासारखं काही नसतं. वाढायचं नाही, भाकरी भाजायची नाही, "अजून थोडं घे" म्हणायचं नाही. दोघींनी एका बाजल्यावर बसायचं, आणि काकवीची, म्हणजे गूळ होण्याआधीच्या घट्ट रसाची, वेळ झाली की कुणीतरी हाक मारतं. सोबत मूठभर भाजलेल्या शेंगा न्या. उपासाच्या माणसालाही हे खाणं चालतं. शिवाय तिथे ती पाहुणी नसेल, तिच्या मुलखात तुम्ही पाहुण्या असाल. आजवर देणारी आणि नाकारणारी दोन्ही तुम्हीच होता, त्यापेक्षा हे बरं.

बोलायचं कधी? आल्या-आल्या नको, पहिला घास तर सुखाने जाऊ दे. आणि निघताना, गाडीत एक पाय ठेवूनही नको. तेव्हा ती "अगं काय ते जुनं" म्हणून उडवून लावेल आणि तुम्ही सुटल्यासारखं करून घरी याल. मधेच कधीतरी, बोलणं आपसूक थांबलं की सांगा: "मला नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी फोन उचलले नाहीत. तुला तेव्हा किती वाईट वाटलं असेल." एवढंच. मग गप्प बसा. हे अवघड आहे, आपल्याला गप्प बसायची सवय नाही. ती रडेल, हसेल किंवा दोन बोल सुनावेल. सुनावलं तर ऐकून घ्या. "पण माझीही परिस्थिती..." हे वाक्य त्या दिवशी नको, पुढच्या भेटीला ठेवा.

पैशाबाबत दोन सूचना. आता तुमची परिस्थिती बरी आहे म्हणून तिच्या मुलांच्या हातात जाड पाकीट ठेवू नका. सतरा वर्षांनी आलेला तो हप्ता तिला टोचेल. आणि मिसळीचं, दुधाचं, गुळाचं बिल ती देते म्हणाली तर देऊ द्या. काउंटरवर हात धरून "तू पाहुणी, तू नाही द्यायचं" असली झटापट आपल्याकडे प्रेमाची समजतात. इथे ती करू नका. तुमच्यापुढे एकदा हात पसरलेल्या बाईला तुमचे पैसे भरू देणं, यात तिला काय मिळेल हे मी सांगायला नको.

तुमच्यासारखीच पत्रं इतरांचीही आहेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पुरुष वाचकांनो, तुमचं "बसू या एकदा" मला माहीत आहे. तिसऱ्या पेगला मागितलेली माफी सकाळी दोघांनाही आठवत नाही, त्यामुळे ती धरली जात नाही. आखाडाची पार्टी, शेतातलं मटण जरूर करा, पण त्याआधी एकदा कोरड्या तोंडाने भेटा. बॅचच्या स्नेहमेळाव्यात हे उरकू, असं ज्यांना वाटतंय त्यांनी ते विसरावं. तिथे चाळीस जण फोटो काढत असतात. दोघं वेगवेगळ्या गावांत असाल तर फोनवर बोला, पण बाहेरगावी "कोल्हापुरी" म्हणून लाल तवंगाखाली जे वाढतात ते खात माझी आठवण काढू नका. तांबड्याचा रंग ब्याडगीचा असतो, जाळ नव्हे. आणि ज्यांना मित्राने खरंच फसवलं, मारलं, घर मोडलं, त्यांच्यावर कुणालाही पुन्हा जेवायला बोलावण्याची सक्ती नाही.

ताई, निरोपाला उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी दुसरा धाडा, छोटा. त्यालाही आलं नाही तर थांबा. तिला दार बंद ठेवायचा हक्क आहे, तुम्हीही ते सतरा वर्षं ठेवलं होतं. आणि उत्तर आलं, भेट झाली, तर दुसऱ्या खेपेला खुशाल घरी बोलावा. कार्तिकी झालेली असेल, कांदा-लसूण चालू लागला असेल, तर तुमच्या चटणीचं झणझणीत भरलं वांगं करा आणि मसाला तिलाच भरायला लावा, स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, तुमच्या शेजारी. बाकीच्यांसाठी पांढरा रस्सा तुमच्या नवऱ्याला करू दे. मटण रांधायचा शौक आपल्याकडच्या पुरुषांना असतोच, आणि शेगडीजवळ उभं राहून ढवळण्यात त्यांचाही त्या दिवशीचा अवघडलेपणा निघून जाईल.

सध्या मात्र वसुबारसेच्या आत तो निरोप पाठवा. आणि गुऱ्हाळाचं ठरलं तर आदल्या दिवशी फोन करून काहील कधी चढते ते विचारून घ्या. उशिरा पोचलात तर काकवीची वेळ टळलेली असते आणि मग हातात नुसती ढेप येते.